जावा, पायथन आणि शांताकाकूंचं लाल पेन

रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शामराव तोरस्कर क्लासचं कुलूप काढत, पंखा लावत, आणि सात नंबरच्या टाइपरायटरसमोर बसून पाच मिनिटं एकच ओळ मारत. ए-एस-डी-एफ, स्पेस, सेमीकोलन-एल-के-जे, स्पेस. पुन्हा तेच. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं असे. पाच मिनिटं झाली की कागद ओढून काढायचा, उजेडाकडे धरून सगळे स्पेस नीट पडलेत ना ते पाहायचं आणि टोपलीत टाकायचा. याला ते हात गरम करणं म्हणत. मे महिन्यातसुद्धा.

क्लास भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका व्यायामशाळेच्या डोक्यावर होता. खाली बैठका, वर टकटक. शामरावांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्या वर्षी शामराव अकरावीत होते आणि वडिलांनी त्यांना टायपिंगला घातलं. निदान याला तरी बसून काम मिळावं, एवढीच अपेक्षा. मग काही वर्षं ते कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करत होते. खरं सांगणारा माणूस अडखळतो आणि खोटं सांगणारा मिनिटाला साठ शब्दांनी जातो, हे त्यांचं पहिलं संशोधन. पुढे त्यांनी क्लास काढला आणि मोजण्याची सवय अंगातच मुरली. नळाला बादली भरायला किती वेळ, गॅसवाला तिसऱ्या मजल्यावर किती सेकंदांत चढतो, सगळं त्यांच्याकडे होतं. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत ते देवापेक्षा घड्याळाकडे जास्त बघत आणि घरी येऊन सांगत, "मिनिटाला चौदा माणसं. गेल्या मंगळवारी अकरा होती. बाप्पा सुधारतोय."

क्लासचे नियम तीन. कुणाचाही स्पीड मोजण्याआधी त्याला पाच मिनिटं हात गरम करू द्यायचे, ती धरायची नाहीत. मग सात मिनिटांचा उतारा, तो धरायचा. आणि फळ्यावर गेलेला निकाल पुसायचा नाही.

तिसऱ्या नियमाची पहिली शिकार शांताकाकू. लग्नाआधी त्या याच क्लासमध्ये शिकत होत्या, आणि मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेआधीच्या सरावात त्यांचा स्पीड आला अठ्ठावीस. त्यांनी तिथल्या तिथे तक्रार केली की सात नंबरच्या मशिनचा स्पेसबार अडकतो. शामरावांनी मशिन तपासलं, स्पेसबार लोण्यासारखा चालत होता. अठ्ठावीस फळ्यावर गेला. पुढच्या वर्षी शांताकाकूंनी त्यांच्याशी लग्न केलं, आणि ते त्या दोन शब्दांचं भांडण नीट भांडता यावं म्हणूनच केलं असं त्या स्वतः सांगत. तीस वर्षं भांडण चालू होतं. तीस वर्षं शामराव रोज सकाळी त्याच मशिनवर हात गरम करत होते.

बाकीचे टाइपरायटर एकेक करून भंगारात गेले, अकरा कॉम्प्युटर आले. सात नंबर मात्र खिडकीशी तसाच राहिला, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी. हौस कुणालाच नव्हती. पोरं मोबाइलवर अंगठ्याने इतकं भराभर लिहायला लागली होती की दहा बोटांची गरजच कुणाला पटेना. मी स्वतः तिथे गेले ती मराठीत एम.ए. होऊन नोकरी न मिळाल्यामुळे. सरांच्या मते एम.ए. ही स्पीड नसलेली डिग्री होती. पण त्यांनी मला सरावाचे उतारे लिहायचं काम दिलं आणि माझी सगळी विशेषणं कापली. "'धूसर' लिहू नकोस," ते म्हणाले. "पोरगी तिथे थांबते, विचार करते, दोन सेकंद जातात. 'मळकट' लिही."

त्या वर्षी विद्यार्थी नऊ उरले. व्यायामशाळेच्या कमिटीने खोली परत मागितली. त्यांना तिथे ट्रेडमिल ठेवायची होती. म्हणजे जागेवरच पळणाऱ्या माणसांसाठी टाइप करणारी माणसं उठवायची. कमिटीचे सेक्रेटरी भले गृहस्थ होते, म्हणाले, "सर, काहीतरी चालू आहे असं दाखवा. नऊ पोरांवर मी सभेत काय बोलू?"

दाखवण्यासारखं एकच चालून आलं. परळमधल्या एका धर्मादाय हॉस्पिटलला काउंटरवर बसणारे क्लार्क भरायचे होते. एकशे बत्तीस उमेदवार, एका रविवारी टायपिंगची चाचणी, निकाल संध्याकाळी चारला हातात. नीट पार पडलं तर दरवर्षीची चाचणी तोरस्करांकडे. नाही पडलं तर ट्रेडमिल.

अकरा-अकराच्या बारा बॅच. पेपर हाताने तपासत बसलं तर सगळं वेळेत होणार नाही, म्हणून पेपर तपासणारा प्रोग्रॅम लिहायचं ठरलं. उमेदवाराने मारलेला उतारा मूळ उताऱ्याशी शब्दाला शब्द लावून चुका मोजायच्या आणि स्पीड सांगायचा. हे काम दोन माजी विद्यार्थ्यांनी घेतलं, आणि दोघांनी वेगवेगळं घेतलं, कारण त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. हितेंद्र लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत नोकरीला होता. त्याने जावात लिहिलं. रुचा शिवडीची, बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला, संध्याकाळची बॅच तीच घ्यायची. तिने पायथनमध्ये लिहिलं.

"पायथन?" हितेंद्र म्हणाला. "ते काय, संध्याकाळपर्यंत येईल ना उत्तर?"

"तुझी जावा उठून दात घासेपर्यंत माझं काम झालेलं असेल," रुचा म्हणाली.

"सर, हिला सांगा. जावा पायथनपेक्षा दहा-वीस पट फास्ट असते. सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना माहीत असणं शामरावांना पुरेसं नव्हतं. "मोजू," ते म्हणाले. "पण आधी मला सांग, फास्ट का?"

हितेंद्रने खुर्ची ओढली. "सर, जावाचा कोड थेट कॉम्प्युटर चालवत नाही. मध्ये एक व्हर्च्युअल मशिन असतं. मशिनच्या आत कल्पनेतलं मशिन. ते आधी कोड एकेक सूचना वाचत, सावकाश चालवतं. पण एखादा भाग पुन्हा पुन्हा येतोय असं दिसलं की तो खऱ्या मशिनच्या भाषेत उतरवून ठेवतं. मग वाचायची गरज नाही, सुसाट."

शामरावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त चांगला निकाल लागल्यावर पाहिलं होतं. "म्हणजे बोटांना पाठ होतं."

"तसंच."

"आणि हिचं?"

"पायथनलाही व्हर्च्युअल मशिन असतं," रुचा म्हणाली. "आपण वापरतो ते पाठबिठ करत नाही. दरवेळी वाचतं आणि चालवतं."

"बघून मारणारी मुलगी," शामराव दुःखाने म्हणाले. बटणांकडे बघून मारणाऱ्यांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "आणि तुमच्यात ती सी की काय असते, ती?"

"ती आधीच सगळं मशिनच्या भाषेत करून आलेली असते, सर. तिला मध्ये कुणी लागत नाही."

"मग ती का नाही लिहिलीत?"

दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. सीमध्ये शब्द जुळवत बसायचा उत्साह दोघांनाही नव्हता, आणि तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

मोजणी गुरुवारी दुपारी झाली, पोरांच्या अकरांहून वेगळ्या, सरांच्या टेबलावरच्या मुख्य कॉम्प्युटरवर, कारण रविवारी पेपर तपासायचं काम त्याच डब्याला करायचं होतं. कॉम्प्युटर तोच, पंखा तोच, शामरावांचं घड्याळही तेच. दोन्ही प्रोग्रॅमना हजार पेपर द्यायचे असं ठरलं. आणि मग शामरावांनी हात वर केला. "थांबा. आधी हात गरम करू द्या."

"सर, कुणाचे?"

"दोघींचे. थंड हाताने मोजलेला स्पीड हा स्पीड नव्हे." त्यांनी दोन्ही प्रोग्रॅमना आधी दोनशे पेपर चालवायला लावले, ते धरले नाहीत, आणि त्याच दमात पुढचे हजार धरले.

हितेंद्र इतका खूश झाला की त्याने सरांच्या पायाला हात लावला. "सर, आमच्या कंपनीतले लोक हे विसरतात."

पायथनला लागले अठ्ठेचाळीस सेकंद. जावाला तीन.

रुचा म्हणाली, "सर, पण रविवारी—"

"रुचा," सर म्हणाले, "अठ्ठेचाळीस आणि तीन. यात 'पण' कुठे बसतो?" आणि त्यांनी फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: जावा तीन, पायथन अठ्ठेचाळीस. खाली रेघ मारली.

शांताकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या माहेरच्या मालवणच्या आणि चिडल्या की तिकडच्या भाषेत जात. रुचाचा चेहरा बघून म्हणाल्या, "गप रव गो बाय. ह्या फळ्यार मी तीस वर्सां अठ्ठावीस आसंय."

रविवारी साडेआठला जिन्यापासून व्यायामशाळेच्या दारापर्यंत उमेदवार उभे होते. हॉस्पिटलच्या कार्यालय अधीक्षक, गुप्ते मॅडम, वही घेऊन मागच्या खुर्चीत बसल्या. शामरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिल्या अकराजणांनी पाच मिनिटं हात गरम केले, सात मिनिटं उतारा मारला आणि "थांबा" म्हणताच पेपर मुख्य कॉम्प्युटरकडे पाठवायचं बटण दाबलं.

मुख्य कॉम्प्युटरचा पंखा आधी गुणगुणला आणि मग प्रेशर कुकर शिट्टीआधी जसा थरथरतो तसा थरथरायला लागला. पडद्यावर काही नाही. अर्धं मिनिट. एक मिनिट. माउस हलेना.

"काय झालं?" शामरावांनी विचारलं.

हितेंद्रने पडद्यात डोकं घातलं. "सर... प्रत्येक पेपर आला की प्रोग्रॅम नव्याने चालू होतो. एक तपासतो आणि बंद होतो. आत्ता अकरा व्हर्च्युअल मशिन एकदम उठलीत."

"आणि या डब्यात मेमरी केवढीशी आहे," रुचा म्हणाली. "प्रत्येकीने आल्या आल्या सतरंजी टाकून जागा धरलीय. कुणाला पाय हलवायला जागा नाही."

"पण तीन सेकंद—"

"ते हजार पेपर एका दमात दिले तेव्हा, सर. हात गरम झाल्यावर. इथे प्रत्येकीला एकच पेपर आहे. हात गरम व्हायच्या आत तिची सुट्टी होते." रुचाने आवाज खाली आणला. "मी गुरुवारी हेच सांगत होते."

दोन मिनिटं झाली. गुप्ते मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "आमचा नंबर आज आहे ना?"

शांताकाकू दारातून म्हणाल्या, "काय ओ, तुमचो जावा अजून उठलो नाय?"

"काकू, अर्धा तास द्या," हितेंद्र घाम पुसत म्हणाला. "मी ते एकदाच चालू होऊन दिवसभर जागं राहील असं करून देतो."

"अर्ध्या तासात दोन बॅच जातात," रुचा म्हणाली. "माझं तयार आहे. पेन ड्राइव्हवर."

"तुझं अठ्ठेचाळीस सेकंदवालं!"

"तुझं तर अजून एकवालंही नाही आलं, हितेंद्र."

शामराव फळ्याकडे बघत होते. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मग ते टेबलाकडे गेले, डबा बंद करून पुन्हा चालू केला, पहिल्या बॅचचे अकरा पेपर प्रिंट करायला लावले आणि खणातून दोन लाल पेनं काढली. एक शांताकाकूंना दिलं. "बस. तू सहा घे."

"माका काय कळता?"

"तुला अठ्ठावीसपर्यंत कळतं. बस."

ते दोघं खिडकीशी बसले. मूळ उतारा दोघांनाही पाठ होता. त्यातली माझी विशेषणं कापताना सरांनी तो घरी मोठ्याने दहादा वाचला होता. काकूंचं पेन ओळीवरून असं जात होतं की त्या भाजी निवडत असाव्यात. रुचाने तोवर पेन ड्राइव्ह लावला. काकूंचे सहा पेपर साडेचार मिनिटांत झाले, सरांचे पाच व्हायला साडेपाच लागली. मग रुचाने तेच अकरा पेपर पायथनला घातले. ते प्रत्येक पेपरसाठी नव्याने उठलं, वाचलं, निजलं, आणि अकराही मिळून तीन सेकंदांच्या आत बाहेर आलं. चुका लाल पेनाशी तंतोतंत जुळल्या, फक्त एका पेपरात सरांची एक चूक सुटली होती. काकूंची एकही नाही.

गुप्ते मॅडम उठून आल्या. "तोरस्कर, तुम्ही तर म्हणाला होतात की दुसरा प्रोग्रॅम सोळा पट जलद आहे. फळ्यावरही तेच लिहिलंय."

खाली कुणीतरी डंबेल आपटलं.

"चुकीचं लिहिलंय," शामराव म्हणाले. "मोजलं बरोबर, पण भलतंच मोजलं. जे काम आज आहे ते मोजलं नव्हतं. या मुलीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." आणि त्यांनी डस्टर घेतलं.

तीस वर्षांत त्या फळ्यावरचा निकाल पुसलेला कुणी पाहिला नव्हता. खडू घट्ट बसला होता, दोनदा पुसावं लागलं. मग त्यांनी पुन्हा लिहिलं. एकेक पेपर, अकरा एकदम: पायथन तीन सेकंद. शांता साडेचार मिनिटं, सहा पेपर. जावा, अजून निकाल नाही.

"पुसता येता तर," शांताकाकू म्हणाल्या.

सर पुढची बॅच बोलवायला गेले.

चारला दहा मिनिटं असताना यादी गुप्ते मॅडमच्या हातात पडली. हितेंद्रने दुपारपर्यंत जावा दिवसभर जागी ठेवायची सोय केलीच, आणि शेवटच्या तीन बॅच तिने तपासल्या. एकदा हात गरम झाल्यावर ती खरंच सुसाट होती, पेपर घातला की निकाल बाहेर. रुचा म्हणाली, "नोकरी कायम झाल्यावर सगळेच असं काम करतात." हितेंद्रने तिला स्वतःच्या वाटणीचा वडापाव दिला, जे त्याच्याकडून माफी मागण्याच्या फार जवळ होतं. व्यायामशाळेच्या सभेत सेक्रेटरींनी एकशे बत्तीस हा आकडा इतक्यांदा उच्चारला की ट्रेडमिल शेवटी खालीच, आरशासमोर बसवली.

त्या रविवारनंतर शामरावांच्या सकाळच्या नेमात एक बारीक फरक पडला. तो काकूंनी पाहिला, कारण त्या चहा घेऊन वर जात तेव्हा पाच मिनिटं उलटून गेलेली असत आणि सर अजून मारतच असत. विचारलं तर म्हणत, "मोजतोय." कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत, आणि हल्ली तो टोपलीत न टाकता घडी घालून खिशात ठेवत.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नेलं त्याच हॉस्पिटलला. काउंटरवर आमच्याच चाचणीतून लागलेली मुलगी होती, ती घाबरून दोन बोटांनी केसपेपर भरायला लागली. सर ट्रॉलीवर आडवे होते, डोळे मिटलेले, आणि तरी म्हणाले, "बघून मारतेस. सगळी बोटं वापर, मी थांबतो." मुलीने डोळे पुसले आणि दहा बोटांनी त्यांचं नाव मारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायच्या वेळेत रुचा क्लासच्या किल्ल्या घ्यायला आली. काकू कडेला बसून मोसंबी सोलत होत्या. सर वॉर्डातल्या घड्याळाकडे बघत पडले होते. ते दीड मिनिट मागे आहे हे त्यांचं नर्सला आधीच सांगून झालं होतं. रुचा म्हणाली, उद्यापासून एक नवीन मुलगी येतेय, तिला टाइपरायटरवरच शिकायचंय, हौस आहे म्हणते.

सरांनी मान वळवली. काकूंकडे पाहिलं नाही, रुचाकडेच पाहिलं.

"सात नंबरवर बसवू नकोस तिला," ते म्हणाले. "पाच मिनिटं नीट चालतो. सहाव्या मिनिटाला त्याचा स्पेसबार अडकतो."